अण्णाजी, तेवढी दुरुस्ती राहिली

अण्णाजी,

तुमचा फोटो काल इथे हैदराबादला पोचला, पेपरच्या गुंडाळीतून. काळी चौकट, टोपी जरा तिरकी, आणि खाली तुमच्या मुलानं, मधुभाऊंनी, छापलेलं: 'दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यांनी रणांगण भंडारा जिल्ह्याच्या घराघरांत पोचवले.' मी मशीनपाशी उभ्यानंच वाचलं. हातातल्या, खिळे जोडायच्या स्टिकमध्ये एका लग्नपत्रिकेची अर्धी ओळ जोडून झाली होती, ती तशीच खाली ठेवली. आमच्या फोरमनला वाटलं मला रडू येतंय, तो पाण्याचा ग्लास घेऊन आला. रडू येतच होतं. पण त्याहून मोठा राग आला होता, आणि तो कसला हे त्याला समजावून सांगण्याइतकी माझी हिंदी अजून झालेली नाही.

सोबत मधुभाऊंची चिठ्ठी होती. सेवक, स्मृती अंक काढतोय, तू अण्णांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, दोन पानं लिहून पाठव. मी सहावीत शाळा सोडलेली. लिहिण्यात चुका निघतील याची आतापासूनच धास्ती वाटते, आणि चुका काढणारे तर तुम्हीच होतात. तरी लिहितो, तुमच्याशीच बोलल्यासारखं लिहितो. लोकांशी बोलायला गेलो तर भीतीपोटी सगळं गोड करून टाकीन.

आधी तुमचे उपकार सांगतो, नाहीतर मीच मला नमकहराम वाटेन. शाळा सुटल्यावर मी सिहोऱ्याला लोकांच्या बांधीत धान कापायचो. बाप गेलेला, आई थकलेली. भंडाऱ्याला तुमच्या छापखान्यात आलो तो हमाली करायला, कागदाची रिमं उचलायला. तुम्ही मला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केससमोर उभं केलंत. कोणत्या खणात क, कोणत्या खणात मात्रा, हे बोटांना पाठ होईपर्यंत तुम्ही बाजूला स्टूल टाकून बसायचात. चुकलं की म्हणायचात, "अबे सेवक, तुया हातानं गांधीजीचा गाढवजी होऊन जाईन एखाद्या दिवशी." काकू दुपारी मला आत बोलवून वाढायच्या. माझ्या घरात पहिल्यांदा रोजचा पेपर वाचणारा माणूस मी झालो, तो तुमच्यामुळे. आज परक्या गावात माझं पोट भरतंय तेही त्याच बोटांवर. यातलं काहीच मी विसरलेलो नाही. म्हणूनच राग इतका येतो. परक्या माणसावर एवढा कोण रागावतो?

आता ते रणांगण.

तुम्ही ते घराघरांत पोचवलंत हे खोटं नाही. कसं पोचवलंत ते तुम्हीच मला सांगितलं होतं, जोडलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढला की मोकळ्या वेळात, बिडी ओढत. वरठीच्या स्टेशनावर नागपूरचा पेपर उतरायचा, तुम्ही सायकलवर जाऊन तो आणायचात, आणि तिथून भंडाऱ्यापर्यंत येता येता ती लढाई तुमच्या डोक्यात आपल्या भागाची होऊन जायची. तुम्ही नागपूरच्या पलीकडे गेलेले नव्हतात, पण आपल्या आठवड्याच्या पेपरात वर छापायचात, 'आमच्या रणांगणावरील बातमीदाराकडून'. बर्मातली नदी कशी, तर पुरातल्या वैनगंगेसारखी. तिथलं जंगल कसं, तर आपल्या कोक्याच्या जंगलासारखं, फक्त मोहाची झाडं नाहीत. वाळवंटातल्या उन्हाबद्दल तुम्ही लिहिलं होतं की आपल्याकडे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना ते समजेल, शहरातल्या लोकांना समजायचं नाही. हे ऐकून बायांनी तो पेपर पदराला बांधून घरी नेला, असं तुम्ही अभिमानानं सांगायचात. आणि अभिमान बरोबर होता. आमच्या लोकांना इतकं कळेल असं तोवर कोणी लिहिलंच नव्हतं.

विमानाच्या चित्राचा एकच ठोकळा होता तुमच्याकडे. सुलटा लावला की आपलं उडणारं विमान, उलटा लावला की जर्मनांचं पडलेलं. हे सांगताना तुम्ही इतके हसलात की खोकला लागला, आणि मीही हसलो. सरकारी पत्रकात माघार हा शब्द नसायचा, 'सैन्याने ठरवून जागा बदलली' असं असायचं. तुम्ही तेही तसंच छापायचात. वर म्हणायचात, "लोकायले समजते रे. जागा बदलली म्हणलं की आमचे म्हातारे म्हणत, किती मार खाल्ला?" तेव्हाही मी हसलो.

पण एका सदराला मी कधी हसलो नाही, कारण ते आमच्या घरातलं होतं. 'आमचे गडी खुशाल.' जिल्ह्यातली जी पोरं फौजेत गेली होती त्यांचं कार्ड घरी आलं की घरचे बाजाराच्या दिवशी ते छापखान्यात आणून दाखवायचे, आणि तुम्ही एक ओळ छापायचात. गावाचं नाव, गड्याचं नाव, पुढे 'खुशाल आहे'. सिहोऱ्याच्या ओळीत माझे मोठे बाबा होते. बापाचा थोरला भाऊ, तुळशीराम. लग्न होऊन एक पोळा झाला होता तेव्हा भरती झाले आणि बर्माला गेले.

त्यांची कार्डं थांबली. सरकारी तार आली, तिच्यात बेपत्ता असं होतं. माझा आजा ती तार घेऊन घाबरून शाळेत गुरुजींकडे गेला. गुरुजींनी तार वाचली, मग बाजूला पडलेला तुमचा ताजा पेपर वाचला, आणि आजाला म्हणाले, "तार जुनी दिसते. पेपर या आठवड्याचा आहे. खुशाल आहे म्हणते." घरात त्या दिवशी गोड केलं होतं, असं माझी आई सांगायची. त्यानंतर लढाई संपेपर्यंत दर आठवड्याला आजा तुमसरच्या बाजारातून पेपर आणवायचा आणि गुरुजींकडून तेवढी एकच ओळ वाचून घ्यायचा. मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, दाराआड उभी राहून ऐकायची आणि मग कपाळावर कुंकू नव्यानं लावायची. आमच्या घरात तुमचा पेपर असा वाचला जायचा, अण्णाजी. स्टालिनग्राड पडलं की राहिलं हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं.

लढाई संपली. मोहाडीचा एक गडी, त्यांच्याच तुकडीतला, परत आला आणि आजाला येऊन सांगून गेला की तुळशीराम बर्मातून पायी परत येताना तापानं गेला, बर्माच्या लढाईच्या पहिल्याच वर्षी, नदीकाठी पुरला. आजानं त्याला घराबाहेर काढलं. "पेपरात परवापरवापर्यंत खुशाल होता माझा पोरगा, तू पहिल्या वर्षीच मेला म्हणतेस?" आजा गेला तोही हेच म्हणत गेला. मोठ्या बाबांची तेरवी झाली नाही. मोठी आई कुंकू लावून राहिली. गावात कोणी तिला विधवा म्हटलं नाही आणि कोणी हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. आपल्याकडे अशा बाईसाठी शब्दच नाही.

पेपर पहिल्या वर्षी मेलेल्याला शेवटच्या वर्षापर्यंत खुशाल का म्हणत होता, हे आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. मला कळलं ते तुमच्याच छापखान्यात, बांगलादेशची लढाई लागली तेव्हा.

तुम्ही त्या सकाळी तरुण होऊन आला होतात. "सेवक, ते सदर पुन्हा काढू. आमचे गडी खुशाल. लोक तुटून पडतील." खरंच लोक आले. कोणी पत्र घेऊन, कोणी नुसता निरोप घेऊन. मी नावं जोडली. पुढच्या आठवड्यात नवीन पत्रं आली नाहीत म्हणून विचारलं, या सदराचं काय करायचं.

"काय करायचं म्हणजे? दोरी बांधून ठेवली ना? तेच लाव."

"अन् मधात एखाद्याचं बरंवाईट झालं तर?"

"घरचे येतील सांगाले. तवा ती ओळ काढू."

"घरच्यायले कोण सांगन, अण्णाजी? ते तर आपला पेपर वाचून राहिले."

तुम्ही बिडी विझवली आणि समजावणीच्या सुरात म्हणालात, "अबे, महायुद्धातही असंच होतं. एकदा जोडलेलं मॅटर लढाई सरेपर्यंत बांधून उभं. नवं कार्ड आलं की खाली एक ओळ वाढवाची. कागद मिळे ना, खिळे जोडणारा जुळारी पळून गेला होता, दर आठवड्याले खिळे सोडत कोण बसते? अन् लोकायले बरं वाटे."

ज्यांना आपला धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जोडलेला मजकूर छापून झाला की त्याचे खिळे सोडून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे असतात. पण जो मजकूर पुन्हा पुन्हा लागतो, डॉक्टरची जाहिरात किंवा गाड्यांचं वेळापत्रक, तो दोरीनं बांधून फळीवर ठेवतात आणि दर अंकात तसाच लावतात. त्यात काही चूक नाही, सगळेच करतात. तुम्ही माणसं तशी बांधून ठेवली होती.

मी जेवायला गेलो नाही. पान बांधायच्या दगडावरचं ते सदर पुढ्यात घेतलं, दोरी कापली आणि एकेक खिळा खणात टाकत गेलो. तुम्ही दुपारची झोप काढून आलात तेव्हा फर्म्यात हातभर भोक पडलेलं होतं.

"मॅटर कोणी सोडलं?"

"मी सोडलं."

"काहून?"

"आमचे मोठे बाबा होते तुमच्या जुन्या मॅटरात. सिहोऱ्याचे. तुळशीराम."

तुम्ही मला काढून टाकाल असं वाटलं. तुम्ही त्या भोकात एका बिडी कारखान्याची जाहिरात बसवलीत, अंक छापून घेतलात, आणि मशीनवाला घरी गेल्यावर खाली पाहत म्हणालात, "तो मोहाडीचा गडी माझ्याकडेही आला होता. तुया आजानं हाकलला, त्यानंतर."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. लढाई संपली तेव्हा तुम्ही ते सदर चुपचाप बंद केलंत. इतकी वर्षं 'खुशाल आहे' छापलं, पण एकदा 'खुशाल नव्हता' छापायला तुम्हाला जमलं नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते तुम्ही मेलात तरी संपलेलं नाही. मी म्हटलं, छापा ना दोन ओळी. सदराच्याच जागी छापा. तुम्ही म्हणालात, "इतकी शिळी गोष्ट? लोक हसतील." मी म्हटलं, आमच्या घरात ती अजून शिळी झाली नाही. मग तुम्ही खरं कारण सांगितलंत. त्या वेळी तरी खरं बोललात, एवढं मी तुमच्या बाजूनं लिहितो. "एका नावाची दुरुस्ती छापली की बाकीच्या नावायचे लोक येतील. मग विमानाचं विचारतील. मग म्हणतील, या बुढ्याच्या पेपरात खरं काय होतं? माझी सारी जिनगानी त्या पेपरात आहे, सेवक."

आणि ती बाई, तिची जिनगानी कोणाच्या पेपरात होती? हे मी तेव्हा म्हटलं नाही. घाबरलो. आज म्हणतो.

त्यानंतर विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "छापू. या आठवड्यात जागा नाही." नगरपालिकेच्या निवडणुकीला जागा असायची, मोहाडीच्या बाजारात बैल किती उतरले याला असायची, वाढदिवसाच्या फोटोंना असायची. मी स्वतःच ती पानं लावायचो, मला जागा दिसायची. अंक बांधताना तुम्ही माझ्याकडे न पाहता फर्मा ठोकत बसायचात, गरजेपेक्षा जास्त.

मग तुम्ही मला हैदराबादला पाठवलंत. तुमच्या ओळखीच्या छापखान्यात, चांगल्या कामावर, स्वतः चिठ्ठी लिहून, वरठीपर्यंत पोचवायला येऊन. गाडीत डबा काकूंचा होता. मी पाया पडलो तेव्हा तुमचे डोळे भरले होते. मला अजून ठरवता येत नाही, अण्णाजी, की तुम्ही माझं भलं केलंत की रोज समोर उभा राहून विचारणारा माणूस दूर केलात. दोन्ही असेल. पण मला त्या एका गोष्टीसाठी तुमचे मनापासून आभार मानता येत नाहीत, आणि याचाही राग येतो.

एका सुट्टीत गावी गेलो तेव्हा मोठी आई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया पेपरवाला येऊन गेला."

"अण्णाजी? इथं? कायले?"

"मले का मालूम. ह्याच्या आधीही आला होता. मोटरीनं येते, ओसरीत बसते. धान कसं झालं म्हणते. चहा पेते. माझ्या कपाळाकडे पाहते अन् जाते."

"काही बोलले नाहीत?"

"बोलाले येते, बोलत नाही. थुंकी गिळून राहते नुसता."

मी तिच्यापाशी बसलो. मला वाटलं आता सांगून टाकावं, दोरीचं, बांधलेल्या मॅटरचं. तिनंच सूप खाली ठेवलं.

"तो मोहाडीवाला आला तवा मी दाराआड होती. सारं आयकलं मी. तवापासून मालूम आहे मले."

"मग कुंकू काहून..."

"माझ्या नवऱ्याले खुशाल कोण म्हणलं? पेपर म्हणला. दर आठवड्याले म्हणला, गुरुजीच्या तोंडून म्हणला, साऱ्या गावापुढं म्हणला. मग तो नाही, तेही त्यानंच म्हणावं. साऱ्या गावापुढं. ओसरीत येऊन चहा पेल्यानं होते का?" आणि पुन्हा सूप उचललं. "मी बसली आहे. मले कोठी जाचं नाही. येऊ दे त्याले किती वेळा येते तं."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता लोक म्हणतील. पण मला वाटत होतं, जो माणूस एसटीची मोटर बदलून सिहोऱ्याला जातो, एका बाईच्या ओसरीत बसतो, तो आज ना उद्या बोलेल. त्याचं त्यानं बोलावं, यातच अर्थ आहे. मोठी आईही तेच धरून बसली होती. तुम्ही इतका त्रास घेतलात, अण्णाजी, इतकी धूळ खाल्लीत, फक्त तोंड उघडायचं सोडून सगळं केलंत. दगडाच्या माणसाचा मला राग आला नसता.

मागच्या दिवाळीत तुम्हाला शेवटचं पाहिलं. छापखान्यातच खाट टाकली होती, मशीनचा आवाज नसला तर झोप येत नाही म्हणून. माझा हात हातात घेऊन तुम्ही बोटं पाहिलीत, शाई लागलेली आहे का ते, आणि खूश झालात. मग विचारलंत, "सिहोऱ्याची तुयी मोठी आई कशी आहे?"

मी म्हटलं, "खुशाल आहे."

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाईट वाटलं नाही. आज वाटतं थोडं, पण तेव्हा नाही. मी वाट पाहिली. तुम्ही म्हणालात, "मधूले सांगतो. पुढच्या अंकात." मधुभाऊंना तुम्ही काय सांगितलंत ते त्यांनाच माहीत. पुढचा अंक इथे आला, त्याच्या पुढचाही आला. टपालाची गुंडाळी मी दारातच उभ्यानं फाडायचो, फोरमन हसायचा मला. नंतर हा काळ्या चौकटीचा आला, आणि तिच्यात रणांगण घराघरांत पोचवल्याचं.

मधुभाऊ, आता हे तुम्हाला. तुम्ही मला घरच्यासारखं वागवलंत आणि मी तुमच्या बापाबद्दल त्यांच्याच स्मृती अंकात हे लिहितोय. तुमच्या जागी मी असतो तर मला राग आला असता. वरचं सगळं कापलंत तरी चालेल. चुका असतील त्या दुरुस्त करा, उपकाराचं ठेवा, नाहीतर तेही नका ठेवू. पण खालच्या ओळी कापू नका, आणि आतल्या पानावर टाकू नका. पहिल्या पानावर, डाव्या हाताला खाली, जिथे ते सदर असायचं तिथे टाका. सिहोऱ्याच्या शाळेत अंक जातोच. मोठी आईनं आताच्या गुरुजींना सांगून ठेवलंय, काही छापून आलं तर साऱ्यांदेखत वाचा म्हणून. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. त्यानंतर कपाळाचं काय करायचं ते ती ठरवील.

अण्णाजी, हा मजकूर मी इथेच, दुपारच्या सुट्टीत, आपल्या देवनागरी खिळ्यांत जोडून पाहिला. प्रूफ काढलं. तुमच्यासारखं खालून वर वाचलं. ओळीत बसतो, जागा फार लागत नाही.

दुरुस्ती. सिहोरा येथील तुळशीराम हे खुशाल असल्याचे या पेपरात महायुद्ध संपेपर्यंत छापून येत होते. ते खुशाल नव्हते. बर्माच्या लढाईच्या पहिल्याच वर्षी तेथून परतताना ते तापाने वारले व नदीकाठी त्यांना पुरण्यात आले. ही गोष्ट या पेपरला युद्ध संपले तेव्हाच कळली होती.